कळ

वृषालीबाई मगदूम पोट दुखल्याचं सोंग इतकं हुबेहूब करायच्या, की एकदा शाळेचा शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत वर्गात आला होता. सातवीचा आरोग्यशास्त्राचा तास होता. बाई टेबलाला धरून अर्ध्या वाकल्या, चेहरा पिळवटला, मग हळूहळू सरळ होत म्हणाल्या, "ही झाली कळ. येते, पिळते, जाते. आणि गेली म्हणून हुरळायचं नाही, परत येते." मग गालावर हात ठेवून, ठोक्याठोक्याला मान हलवत, "हा ठणका. दाढेचा असतो, गळवाचा असतो." मग चालता चालता एकदम कमरेवर हात, "ही चमक." मुरड्याची पाळी आली तेव्हा मागच्या बाकावरची मुलं हसून हसून आडवी झाली. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकूण एक शब्द सगळ्यांना येत होता.

हा तास कुण्या सहकाऱ्यानं फोनवर टिपला आणि वृषालीचं नशीब फिरलं. मिरजेजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही बाई घराघरांत पोचली. मागोमाग गणिताचे व्हिडिओ झाले. भाकरी मोडून अपूर्णांक, विहिरीच्या पायऱ्या उतरून ऋण संख्या. पुण्याची 'सुबोध' नावाची कंपनी तिच्याकडे आली, तेव्हा तिनं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. माहेरचे लोक महिनाभर तिच्याशी धड बोलत नव्हते, पण तिला मनापासून वाटत होतं की एका वर्गापेक्षा अख्खा महाराष्ट्र मोठा.

'सुबोध'चं यंत्र समजायला अवघड नव्हतं. माणूस एखादी गोष्ट समजून घ्यायला डोक्याला ताण देतो, तेव्हा त्याच्या डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. नवीन होतं ते एवढंच, की मुलांच्या हातातल्या टॅबचा कॅमेरा आता ती केसभर वाढ टिपू शकत होता. त्याला नजरेच्या घुटमळण्याची आणि पापणीच्या हालचालीची जोड दिली, की मूल नेमकं कोणत्या शब्दाला अडलं ते यंत्राला समजे, बऱ्याचदा मुलाच्या स्वतःच्या लक्षात यायच्या आधी. कंपनीत या क्षणाला 'अडखळ' म्हणत.

आणि पडद्यावरची बाई ही नुसती चित्रित केलेली बाई नव्हती. वृषालीच्या शेकडो तासांच्या चित्रीकरणातून घडवलेली ती तिची प्रतिमा होती; तोच आवाज, तीच इरकल साडी, तीच एक भुवई उंचावायची खोड. मुलानं काही विचारलं तर ती उत्तरही देई. मूल अडखळलं, की ही प्रतिमा चालू वाक्यातला शब्द बदलून सोपा शब्द घाली, आणि मुलाला वाटे की बाई पहिल्यापासून तेच म्हणत होत्या. म्हणजे जतच्या मुलाची वृषालीबाई वेगळी आणि गडचिरोलीच्या मुलीची वेगळी. कुणालाच कुठे अडायला होत नसे.

निकाल चढत गेले. गणिताला घाबरून शाळा सोडणारी मुलं टिकू लागली. हे खोटं नव्हतं, आणि वृषालीला त्याचा अभिमान होता तोही उगाच नव्हता.

मात्र एक नियम होता. जो शब्द बहुतेक मुलांना अडतो, तो मूळ धड्यातून कायमचा काढायचा तर मूळ शिक्षकाची संमती हवी. त्यामुळे दर सोमवारी वृषालीच्या पडद्यावर अडखळीचे शब्द येत, आणि प्रत्येकाखाली एक हिरवी कळ असे: 'बदल मान्य'. सुरुवातीला ती एकेका शब्दापाशी थांबायची. 'पावणेदोन' गेला तेव्हा तिला हळहळ वाटली. पण एक पूर्णांक पंचाहत्तर शतांश म्हटलं की मुलं पटकन उत्तर देत होती, तर हट्ट कशाला धरायचा, असं म्हणून तिनं कळ दाबली. पुढे पुढे चहा पिता पिता दाबू लागली.

मग एका सोमवारी 'कळ' हाच शब्द आला. त्याच्याखाली ठणका, चमक, मुरडा, सल, असे सगळेच रांगेनं.

तिनं लगेच निनादला फोन लावला. निनाद टिळेकर हा कंपनीचा मुख्य, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड.

"मॅडम, कळ म्हटलं की मुलं बटण शोधतात," तो हसत म्हणाला. "खरंच. नजर सरळ पडद्याच्या कोपऱ्यात जाते."

"मग शिकवायचं ना त्यांना. शाळा त्यासाठीच असते."

"तुम्हाला पोटाचं आरोग्य शिकवायचंय की शब्द? त्या एका शब्दापायी पुढचं जंताचं, हात धुण्याचं सगळं त्यांच्या डोक्यावरून जातंय. त्यापेक्षा सरळ विचारा, दुखणं एक ते दहामध्ये किती. दवाखान्यातसुद्धा तेच विचारतात. शिवाय तुमच्या संख्यारेषेचा सराव होतोय तो वेगळाच."

वृषाली शेवटी गणिताची बाई. दुखणं संख्यारेषेवर मांडायचं, त्याचा आलेख काढायचा, तो चढतोय की उतरतोय ते मुलांनी स्वतः बघायचं, ही कल्पना तिला आवडूनच गेली. एकाच धड्यात दोन विषय बसत होते. तिनं एकामागून एक कळा दाबल्या. टेबलाला धरून वाकणारी ती बाई त्या दिवशी महाराष्ट्रभरच्या टॅबमधून नाहीशी झाली, आणि तिच्या जागी नीटनेटकी उभी राहून "सांगा बरं, किती?" असं विचारणारी बाई आली.

वृषालीची मुलगी मिहिका तेव्हा सातवीत होती. तीही याच व्हिडिओंवर शिकत होती, आणि तिनं घरातल्या दोघींची नावं वेगळी ठेवून गोंधळ मिटवला होता. हाडामांसाची ती मम्मी, पडद्यावरच्या त्या बाई. "बाई कधी चिडत नाहीत," असं ती एकदा जेवताना सहज म्हणाली होती. तिचे पप्पा, भरतेश, कुपवाडच्या कारखान्यातून नुकतेच आले होते; त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. वृषालीही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला घेऊन अपूर्णांक समजवायला बसायचं ठरवलं, तर दोन मिनिटांत मिहिका म्हणाली, "मम्मी, तू राहू दे गं. मी बाईंना विचारते." आता आपल्याच रूपानं आपल्याला घरात मागे टाकलं, तर भांडायचं कुणाशी? वृषाली उठली आणि कामाला लागली. कामही भरपूर होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी ती पुण्याला जायची तयारी करत होती. शनिवारी तिचा सत्कार होता, मोठ्या सभागृहात. पलंगावर साड्या पसरल्या होत्या. मिहिका दारात येऊन उभी राहिली.

"मम्मी, पोटात दुखतंय."

"किती?"

मिहिकानं जरा विचार केला. "चार."

"कुठं?"

तिनं बेंबीभोवती हात फिरवला.

"कळ येतीय का गं? म्हणजे येतंय-जातंय असं?"

"कसली कळ?"

वृषालीच्या तोंडात साडीची पिन होती. एका हातात निऱ्या होत्या. टेबलाला धरून अर्धं वाकायला आणि चेहरा पिळवटायला कितीसा वेळ लागला असता? पण तिनं ते केलं नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. "वाढलं तर सांग हां. ओवा देते थोडा."

शुक्रवारी सकाळी मिहिकाला उलटी झाली. "सात," तिनं सांगितलं. वृषालीनं पुण्याची गाडी पुढं ढकलली आणि संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. दिवसभर मिहिका टॅब घेऊन पडून होती. तिनं आपल्या दुखण्याचा आलेख काढला होता, अक्ष नीट, बिंदू नीट जोडलेले. वृषालीला त्याही अवस्थेत कौतुक वाटलं. रेषा चार, पाच, सहा करत सातावर गेली होती, आणि दुपारनंतर एकदम घसरून तिनावर आली होती.

"उतरलं होय गं?"

"तीन आहे."

"मग बरं वाटतंय म्हण की."

मिहिकानं आलेखातला शेवटचा बिंदू दाखवला. तिचा चेहरा ओढलेला होता, पण कालपासून पोटात अन्न नव्हतं, म्हणजे तो ओढलेला असणारच. रेषा तर डोळ्यांसमोर होती. वृषालीनं दवाखान्यात फोन करून संध्याकाळची वेळ रद्द केली.

"जा तू," भरतेश म्हणाला. "मी आहे की. तीनच आहे आता."

पुण्याच्या सभागृहात वृषाली चांगली बोलली. मूल अडखळलं की ते स्वतःला मठ्ठ समजू लागतं, तेव्हा त्याला अडखळू न देणं हीच आमची सेवा, असं ती म्हणाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंचावरून उतरल्यावर तिनं घरी फोन लावला.

"किती आहे, बाळा?"

"चार. पण सगळीकडं."

"सगळीकडं म्हणजे?"

"माहीत नाही मम्मी. चार आहे."

चार म्हणजे सातापेक्षा कमीच. कुणीतरी शाल सावरत फोटोला बोलावत होतं. ती गेली.

रविवारी सकाळी भरतेशचा फोन आला. तो एरवी आवाज न चढवणारा माणूस. "अंगात ताप फणफणलाय. पोट पाटासारखं घट्ट झालंय, हात लावू देईना. मी मिरजेला नेतोय हिला, तू नीघ."

ती पोचली तेव्हा मिहिकाला शस्त्रक्रियेसाठी तयार करत होते. डॉक्टर शहनाज मुजावर पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. "हिनं काही खाल्लं होतं का" वगैरे विचारून झाल्यावर त्यांनी मिहिकाकडे वळून विचारलं, "सुरुवातीला कसं दुखत होतं गं तुझं? कळ यायची?"

मिहिकानं आईकडे पाहिलं.

तेव्हा, त्या खोलीत, सलाईनच्या खांबाशेजारी, वृषालीनं खाटेच्या कठड्याला धरलं, अर्धी वाकली आणि चेहरा पिळवटला. मग सावकाश सरळ झाली. नर्स बघतच राहिली.

"हां," मिहिका हळूच म्हणाली. "गुरुवारी तसंच होतं. अगदी तसंच."

"आणि मग?" डॉक्टरांनी विचारलं.

वृषालीनं चालता चालता थबकून उजव्या कुशीवर हात दाबला.

"हां. शुक्रवारी असं. बाथरूमला जाताना असं व्हायचं." तिच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं, हरवलेली वस्तू कुणी हातात ठेवल्यासारखं. "मग आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि तीन झालं."

"मग बोलली का नाहीस बाळा?" वृषालीचा आवाज फाटला.

"सांगितलं की मम्मी. चार सांगितलं. मग सात सांगितलं. मी बाईंनाही विचारलं. हे काय आहे, म्हटलं. बाई म्हणाल्या, किती ते सांग. तीन सांगितल्यावर म्हणाल्या, छान, उतरतंय."

मुलीला आत नेलं. शस्त्रक्रिया बराच वेळ चालली. बाहेर आल्यावर डॉक्टर मुजावर बाकावर वृषालीच्या शेजारी बसल्या. त्यांनी दोष दिला नाही, हेच जास्त जड गेलं. अपेंडिक्स शुक्रवारी दुपारीच फुटलं होतं, त्या म्हणाल्या. ताणलेली पिशवी फुटली की ताण जातो आणि रुग्णाला घटकाभर हलकं वाटतं. पण आतला पू तोवर पोटभर पसरायला लागलेला असतो. आकडा उतरला, ते त्यामुळं.

"ती बेंबीभोवतीची कळ आणि मग उजवीकडं सरकलेली चमक, एवढं कुणी फोनवर जरी सांगितलं असतं ना, तरी मी शुक्रवारी सकाळीच बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "हल्ली मुलं येतात ती आकडे घेऊनच येतात. सहा, साडेसहा. मी विचारते कसं दुखतंय, तर परत आकडा. मला त्याचं काय करायचं असतं?"

"त्यांना तसंच शिकवलंय," वृषाली म्हणाली. "मीच शिकवलंय."

डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांच्याही घरी टॅब होता.

मिहिका वाचली. पण त्याआधी काही दिवस असे गेले, की डॉक्टर "बघू" एवढंच म्हणत. पोटातून नळी होती. आतडी पुढं एकमेकांना चिकटण्याचा धोका राहणार होता. "केव्हा तरी परत कळा येऊ शकतात," घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. "दोन वर्षांनी येतील, दहा वर्षांनी येतील. तेव्हा तिला त्या ओळखता आल्या पाहिजेत."

वृषाली दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली, आणि या वेळी शाल घ्यायला नाही. निनादनं तिचं सगळं ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे शब्द त्यानं तिच्यासमोर मूळ धड्यात परत घातले. वाकणारी बाई परत आली.

"आठवडाभर बघा," तो म्हणाला.

आठवड्यानं ती परत पुण्याला गेली आणि तिनं पाहिलं. शब्द धड्यात होते, पण मुलांपर्यंत पोचत नव्हते. मूल 'कळ' शब्दाला अडखळलं, की त्याच्यापुरता तो शब्द यंत्र तिथल्या तिथं काढून टाकत होतं आणि आकडा विचारत होतं. त्यासाठीच तर ते बनवलं होतं. वाकणारी बाई फक्त त्या मुलांना दिसत होती, ज्यांना कळ म्हणजे काय हे आधीच ठाऊक होतं. म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही.

"अडखळू द्या ना त्यांना," वृषाली म्हणाली. "थोडं अडू दे. विचारू दे कुणाला तरी."

"कुणाला विचारणार मॅडम? आणि अडली की मुलं व्हिडिओ बंद करतात. मग गणितही गेलं. ती जतची, गडचिरोलीची मुलं परत शाळा सोडतील. तुम्हाला चालेल?"

तिला ते चालणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. आपला चेहरा आणि आवाज परत मागता येईल का, असं तिनं विचारलं. तो कराराचं काहीबाही बोलत राहिला, पण ती ऐकत नव्हती. तिला आठवत होतं ते एवढंच, की कळ दाबताना आपण चहा पीत होतो.

ती घरी परतली. मिहिका खिडकीशी उशा लावून बसली होती, खूपच बारीक झालेली. आठवडाभर ती आईशी मोजकंच बोलत होती. पाणी हवं, दिवा बंद कर, असं. वृषाली तिला सगळे शब्द शिकवायच्या मागे लागली होती. वाकत होती, लंगडत होती, गाल धरून मान हलवत होती. मिहिका आज्ञाधारकपणे बघायची, एकदाही हसली नव्हती.

आज वृषालीनं काही शिकवलं नाही. पिशवी खाली ठेवून ती तिच्यापाशी बसली.

"माझ्यावर रागावलीयस का गं?"

मिहिकानं प्रश्न टाळला नाही. उलट तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात खरोखर शोध घेतला. तो राग होता, की रुसवा, की आपण बोलावत असताना आई निघून गेली याचं दुःख, की नुसती भीती, हे वृषालीला कितीही जाणून घ्यायचं असलं तरी तिच्या मुलीला ते सांगता येणार नव्हतं.

"सहा," मिहिका म्हणाली.

वृषालीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आणि आधी?"

"काल रात्री नऊ होतं." मिहिकानं डोळे उघडून आईकडे पाहिलं, आणि तिला बरं वाटावं म्हणून समजूतदारपणे म्हणाली, "उतरतंय मम्मी. काळजी नको करू."

वृषालीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. कधी नव्हे इतकी भीती तिला त्या वेळी वाटली. तिनं विचारलं, "म्हणजे आत काय होतंय तुझ्या?" आणि मिहिका बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आई आता वाकून काहीतरी करून दाखवील म्हणून. पण यासाठी करून दाखवण्यासारखं वृषालीपाशी काही नव्हतं.